कॅशबॅकचे पैसे येतात कुठून?

तुम्ही क्रेडिट कार्डावर १०,००० रुपयांचा मोबाइल घेता, तेव्हा दुकानदाराच्या खात्यात पूर्ण रक्कम जमा होत नाही. साधारण दोन टक्के शुल्क, म्हणजे 'एमडीआर', आधीच कापले जाते. त्यातला मोठा वाटा कार्ड देणाऱ्या बँकेला मिळतो, उरलेला व्हिसा-मास्टरकार्डसारख्या नेटवर्कला आणि दुकानात मशीन बसवणाऱ्या बँकेला. तुमचा एक टक्का कॅशबॅक मुख्यतः याच पैशातून येतो. दुकानदार हा खर्च किमतीत धरतो, त्यामुळे रोख देणारा गिऱ्हाईकही नकळत तो सोसतो. हे मला अन्यायाचे वाटते.

युरोपीय संघाने क्रेडिट कार्डावरचा बँकेचा वाटा २०१५ मध्ये ०.३ टक्क्यावर आणला. आपल्याकडे क्रेडिट कार्डाला अशी मर्यादा नाही.

बँकेची खरी कमाई मात्र थकबाकीवर होते. अनेक कार्डांवर महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला ४२ टक्के व्याज लागते. १०,००० रुपये महिनाभर थकले, तर ३५० रुपये व्याज आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. कॅशबॅक मिळाला होता शंभर रुपये! राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये घातलेली ३० टक्के व्याजाची मर्यादाही सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केली.

बिलावरची 'किमान देय रक्कम' भरली तरी उरलेल्यावर व्याज चालूच राहते, नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून लागते. म्हणून मुदतीच्या आत पूर्ण बिल भरा. ते जमणार नसेल, तर कॅशबॅकसाठी कार्ड वापरू नका.