घटस्फोट, शुद्धि व शिष्यत्व : ख्रिस्ती दीक्षेच्या मूल्याविषयीं

जयसिंगपूर हें गांव शाहू छत्रपतींनीं १९१७ सालीं वसविलेलें. त्यामुळें जुन्या दप्तरांचें वैभव त्यास नाहीं. तथापि कुरुंदवाड, नरसोबाची वाडी, मिरज हीं जुनीं स्थळें जवळच असल्यानें कागद बाळगणारे स्नेही अधूनमधून शंका घेऊन प्रस्तुत लेखकाकडे येतात. अशाच एका संग्राहक स्नेह्यांनीं मध्यंतरीं विचारलें कीं, ख्रिस्ती झालेल्या एका मुलाविषयींच्या जुन्या टिपणांत 'घटस्फोट' हा शब्द आला आहे, परंतु त्यांत ना पति, ना पत्नी. तेव्हां बापानें मुलाशीं घटस्फोट करावा म्हणजे काय? ही शंका मार्मिक आहे. तिचें उत्तर देतां देतां ख्रिस्ती शिष्यत्वाची किंमत आमच्या प्रांतांत कोणीं, कोणास व कोणत्या रूपानें दिली, याचा उलगडा होतो. तोच येथें थोडक्यांत मांडण्याचा हेतु आहे.

घटस्फोट म्हणजे काडीमोड हा अर्थ अलीकडचा होय. धर्मशास्त्रांत हा शब्द पतितास ज्ञातिबाह्य करण्याच्या विधीस लावीत. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायांत व याज्ञवल्क्यस्मृतीच्या प्रायश्चित्ताध्यायांत या विधीचें वर्णन आहे. पतित जिवंत असतांच त्याचे सपिंड गांवाबाहेर जमून, मृतास द्यावें तसें त्यास उदक देत. दासीनें भरलेला घट लाथेनें पालथा करावयाचा. नंतर आप्तांनीं एक अहोरात्र अशौच पाळावयाचें. तेथून पुढें त्या मनुष्याशीं भाषण, सहासन, दायभाग व लोकव्यवहार हे सर्व बंद. मात्र त्याच ठिकाणीं परतीची वाटहि सांगितली आहे. प्रायश्चित्त केलेल्या मनुष्याबरोबर आप्तांनीं पवित्र जलाशयांत स्नान करून नवा घट त्या पाण्यांत सोडावा, म्हणजे तो पूर्ववत् आपला झाला. एकोणिसाव्या शतकांत प्रत्येक प्रसंगीं हा विधि यथासांग झाला असें म्हणावयाचें नाहीं. परंतु जिवंत मनुष्यास मृत मानण्याची त्यामागील कल्पना समाजांत पुरती जागी होती. स्नेह्यांच्या टिपणांतील 'घटस्फोट' याच अर्थानें वाचावयास हवा.

आतां 'शिष्य' या शब्दाकडे वळूं. शास् धातूस क्यप् प्रत्यय लागून हा शब्द सिद्ध होतो. ज्यास शिकवावयाचें, तसेंच ज्यास शासन करावयाचें, तो शिष्य. विद्या व शिस्त या दोन्ही गोष्टी एकाच धातूंत आहेत. शुभवर्तमानांच्या मूळ ग्रीक भाषेंत याच्या जागीं 'मथेतेस' हा शब्द असून त्याचा मूळ अर्थ शिकणारा असा आहे. मराठी भाषांतरकारांनीं 'शिष्य' हा शब्द योजिल्यानें त्यांत शासनाचा अर्थ सहजच भरला गेला, आणि तो मूळ ग्रंथाच्या भावास सोडून नाहीं. लूकच्या शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायांत येशू आपल्यामागें येणाऱ्या समुदायास थांबवून हिशेब करावयास सांगतो. बुरूज बांधूं इच्छिणारा मनुष्य आधीं बसून खर्च मोजतो. दहा हजार सैन्यानिशीं वीस हजारांवर चालून जाणारा राजा आधीं विचार करतो. तद्वत् आईबाप, बायकामुलें व स्वतःचा जीव यांहून जो मला अधिक मानीत नाहीं, त्यास माझा शिष्य होतां येणार नाहीं, असा त्या उपदेशाचा आशय आहे. युरोपांत जन्मतःच ख्रिस्ती असणाऱ्यांस हें बोलणें बहुधा अलंकारिक वाटे. महाराष्ट्रांतील पहिल्या पिढीच्या नवख्रिस्त्यांस तें अक्षरशः लागू पडलें.

याचें सर्वांत बोलकें उदाहरण म्हणजे १८४३ सालचें शेषाद्रि प्रकरण. त्या वर्षाच्या सप्टेंबरांत मुंबईच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेंत शिकलेले नारायण शेषाद्रि या तरुण ब्राह्मणानें बाप्तिस्मा घेतला. त्याचा सुमारें बारा वर्षांचा धाकटा भाऊ श्रीपत हाहि मिशनरी नेस्बिट यांच्या घरीं राहावयास गेला. बापानें सुप्रीम कोर्टांत दाद मागितली व कोर्टानें मुलाचा ताबा बापास दिला. परंतु मुलगा घरीं आला तरी पंक्तीस कसा घ्यावा? त्यानें परधर्मीयांच्या घरचें अन्न खाल्लें होतें. 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकर यांनीं पुढाकार घेऊन त्यास प्रायश्चित्तपूर्वक ज्ञातींत घेण्याची खटपट केली; कर्मठ पक्षानें तीस कडवा विरोध केला आणि मोठें ग्रामण्य माजलें. येथें लक्षांत घ्यावयाची गोष्ट अशी कीं, स्मृतींनीं परतीचा घट सांगितला असतांहि व्यवहारांत तो घट उचलावयास माणसें पुढें येत ना. श्रीपतानें बाप्तिस्मा घेतलाच नव्हता. तरी त्याची किंमत त्या अल्पवयी मुलास, त्याच्या बापास व त्याची बाजू घेणाऱ्या बाळशास्त्र्यांस द्यावी लागली. थोरले बंधु नारायणराव पुढें पाद्री झाले व निजामाच्या राज्यांत जालन्याजवळ त्यांनीं बेथेल नांवाची ख्रिस्ती वसाहत स्थापिली. एकाच घरांतील दोन भावांच्या वाटा येथून कायमच्या दुभंगल्या.

सरकारनें या किमतीचा कांहीं भाग कायद्यानें कमी केला. १८५० च्या एकविसाव्या कायद्यानें धर्म वा ज्ञाति सुटल्यामुळें वारसाहक्क जाऊं नये, असें ठरविलें. म्हणजे घटस्फोटांतील दायलोपाचा भाग न्यायालयापुरता रद्द झाला. १८६६ च्या कायद्यानें, ख्रिस्ती झालेल्या मनुष्याचा जोडीदार केवळ धर्मांतरामुळें त्याच्याबरोबर नांदावयास तयार नसेल, तर न्यायालयामार्फत विवाह मोडण्याची सोय केली. 'घटस्फोट' शब्दाचे जुना व नवा हे दोन्ही अर्थ एकाच मनुष्याच्या आयुष्यांत एकत्र येण्याचा संभव या कायद्यानें उत्पन्न झाला, हें शब्दांच्या अभ्यासकांनीं ध्यानीं ठेवण्याजोगें आहे. १९५६ च्या हिंदु उत्तराधिकार कायद्यानेंहि धर्मांतर करणाराचा स्वतःचा वारसा तुटत नाहीं. परंतु धर्मांतरानंतर जन्मलेली संतति, वारसा उघडण्याच्या वेळीं हिंदु असल्याखेरीज, हिंदु नातलगांच्या मिळकतीस मुकते. जुन्या दायलोपाची छाया अशी पुढल्या पिढीवर राहिली आहे. आणि कायदा शेत परत देऊं शकतो, पंक्ति परत देऊं शकत नाहीं. बेळगांवीं १८५४ सालीं बाप्तिस्मा घेतलेले बाबा पदमनजी यांचें 'अरुणोदय' हें आत्मचरित्र (१८८४) ज्यांनीं वाचलें असेल, त्यांस घर सोडतांना मनाची ओढाताण कशी होते हें निराळें सांगावयास नको.

या हिशेबांत आणखी एक रकमेची नोंद बहुधा राहून जाते. ती म्हणजे मागें राहिलेल्यांनीं दिलेली किंमत. नारायण वामन टिळक यांनीं १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला. निर्णय त्यांचा, परंतु त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांच्या पदरीं पति जिवंत असतां पतीवांचून राहण्याचा प्रसंग आला. ती सवाष्ण खरी, पण संसार नाहीं. सहानुभूति मिळे, पण मान नाहीं. कांहीं काळ पंढरपुरीं, कांहीं काळ अन्यत्र अशीं वर्षें काढून त्या पुढें पतीकडे गेल्या, आणि सोंवळेंओंवळें एकदम न टाकतां, स्वतःच्या विचारानें एक एक पायरी उतरून, १९०० सालीं त्यांनींहि बाप्तिस्मा घेतला. 'स्मृतिचित्रें' (१९३४ ते १९३६) या ग्रंथांत त्यांनीं हें सर्व हंसतमुखानें सांगितलें आहे; पण हंसण्यामागचा खर्च वाचकानें स्वतः मोजावा.

एथवर सांगितलेली किंमत ज्ञातीनें मागितलेली आहे. ती एकदा दिली म्हणजे शिष्यत्व साधलें काय? जर्मन धर्मशास्त्रज्ञ डीट्रिख बोन्होफर यांनीं १९३७ सालीं याच प्रश्नावर ग्रंथ लिहिला. स्वस्तांत मिळणारी कृपा ही मंडळीची वैरीण आहे; खरी कृपा मनुष्याचें सर्वस्व मागते, असें त्यांचें प्रतिपादन होतें. हिटलरच्या राजवटीनें ९ एप्रिल १९४५ रोजीं त्यांस फांशीं दिलें. आमच्याकडील थोर नवख्रिस्त्यांस हा भेद त्यांच्या आधींच उमगला होता. टिळकांनीं १९१७ सालीं मिशनचा पगार सोडला, ख्रिस्ती संन्यास घेतला व 'देवाचा दरबार' स्थापिला. पुढें दोन वर्षांतच, १९१९ च्या मे महिन्यांत, ते निवर्तले. ज्ञातीनें त्यांस बावीस वर्षांपूर्वींच टाकलें होतें. ही दुसरी किंमत कोणीं मागितली नव्हती, ती त्यांनीं आपण होऊन दिली. काशीचे पंडित नीलकंठशास्त्री गोरे हे १८४८ सालीं जौनपुरास ख्रिस्ती झाले. ख्रिस्ती मताच्या खंडनार्थ ज्यांनीं पूर्वीं संस्कृत ग्रंथ रचिला, त्यांनींच पुढें 'षड्दर्शनदर्पण' लिहून दर्शनांचें परीक्षण केलें, आणि मरेपर्यंत विरक्तासारखे राहिले. पंडिता रमाबाई यांनीं १८८३ सालीं इंग्लंडांत वाँटेज येथें बाप्तिस्मा घेतला, तरी आपली बुद्धि कोणत्याहि मंडळीच्या स्वाधीन केली नाहीं. भगिनी जेराल्डिन यांच्याशीं झालेला त्यांचा पत्रव्यवहार १९७७ सालीं छापून प्रसिद्ध झाला आहे. तो पाहिल्यास गुरु ख्रिस्त, मिशन नव्हे, हा त्यांचा आग्रह स्पष्ट दिसतो. पुढें १८९३ च्या सुमारास शारदासदनाच्या वादांत हिंदु सुधारक हितचिंतकांचाहि आधार सुटला. दोन्हीकडून एकटें पडणें हीच त्यांची किंमत.

हीं नांवें ब्राह्मण घराण्यांतील आहेत, याचें कारण लिहिणें त्यांच्या हातीं होतें. नगर, जालना व आमचा दक्षिण भाग येथें गांवकुसाबाहेरील असंख्य कुटुंबें ख्रिस्ती झालीं. १८५२ सालीं कोल्हापुरास आलेले रॉयल वाइल्डर किंवा १८९४ सालीं मिरजेस रुग्णालय उघडणारे डॉ. वॉनलेस यांचीं नांवें सर्वश्रुत आहेत. त्यांच्या भोंवतीं जमलेल्या या लोकांचीं नाहींत. पोटासाठीं धर्म सोडला, असें त्यांस हिणवण्यांत आलें. गांवकीचा रोष ज्यानें ओढवून घेतला, त्यास पोटाचा हिशेब उलटाहि बसूं शकतो, हें हिणवणारांनीं पाहिलें नाहीं. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानें अनुसूचित जातींचा दर्जा प्रथम हिंदूंपुरता ठेवण्यांत आला. पुढें १९५६ सालीं शिखांचा व १९९० सालीं बौद्धांचा त्यांत समावेश झाला, ख्रिस्त्यांचा झाला नाहीं. म्हणजे गांवकुसाबाहेरून ख्रिस्ती झालेल्याकडून घेतली जाणारी किंमत आज सरकारी दाखल्यावर लिहिलेली आढळते.

तात्पर्य असें. जुना कागद आपणांस ज्ञातीनें वसूल केलेली रक्कम सांगतो. शिष्यानें गुरूस दिलेली रक्कम सांगत नाहीं. पहिली रक्कम मोठी दिसली म्हणून मनुष्य थोर ठरत नाहीं, व ती कागदावर नाहीं म्हणून क्षुद्रहि ठरत नाहीं. म्हणून संग्राहकांस दोन विनंत्या आहेत. धर्मांतराच्या काळच्या कागदांत 'घटस्फोट', 'शुद्धि', 'ग्रामण्य', 'फारकत' हे शब्द आल्यास आजच्या अर्थानें त्यांची नोंद करूं नये. प्रसंग पाहून करावी. आणि मिशनच्या नोंदवह्या, ख्रिस्ती घराण्यांतील पत्रें, दाखले व जमिनीचे कागद हे आपल्या विषयाबाहेरचे समजून रद्दींत जाऊं देऊं नयेत. ज्यांस एकदा जिवंतपणीं उदक देण्यांत आलें, त्यांच्या कागदांस तरी इतिहासानें पुन्हा पंक्तीस घ्यावें. शंका विचारणाऱ्या स्नेह्यांनीं तें टिपण नीट कापडांत बांधून ठेविलें आहे, हें सांगण्यास आनंद वाटतो.