वडाला भेटायला जायचंय!

परवा अमेरिकेहून भाचीचा फोन आला. ती कॅलिफोर्नियात राहते. ती, जावई आणि दोन्ही मुलं सिकोया नावाची झाडं बघायला निघालेत. महिनाभर तयारी चाललीय म्हणे! राहायचं कुठे, चालायचं किती, बूट कोणते, सगळं ठरवून. "मावशी, तिथलं जनरल शर्मन नावाचं झाड दोन हजार वर्षांहून जुनं आहे. उंची 83 मीटर!" म्हणजे साधारण पंचवीस मजली इमारत. 2021 साली तिथल्या जंगलात वणवा पेटला, तेव्हा जवानांनी या झाडाच्या बुंध्याला चमकत्या पत्र्यासारखं, आग न लागणारं कापड गुंडाळलं होतं. थंडीत म्हाताऱ्या माणसाला शाल पांघरावी तसं. ऐकून मला फार बरं वाटलं.

फोन ठेवताना ती म्हणाली, "मावशी, तुमच्याकडे आहे का गं असं एखादं झाड?"

काय सांगणार? आमच्या चांदवडला रेणुकामाता आहे, अहिल्याबाईंचा रंगमहाल आहे. पण मुंबई-आग्रा रस्ता चौपदरी झाला आणि त्याच्या कडेचे जुने वड गेले. आता वटपौर्णिमेला बाजारातून वडाची फांदी आणायची, कुंडीत खोचायची आणि तिला दोरा गुंडाळायचा. ज्या झाडाची पूजा करायची, त्याचीच फांदी तोडून आणायची!

मग एकदम पेमगिरीचा वड आठवला. संगमनेर तालुक्यातलं हे गाव, पूर्वीचा अहमदनगर म्हणजे आताचा अहिल्यानगर जिल्हा. बऱ्याच वर्षांपूर्वी त्या बाजूला लग्नाला गेलो होतो, तेव्हा यांच्याबरोबर तो वड ओझरता पाहिला होता. सुमारे तीन एकरांवर पसरलाय असं सांगतात. आत शिरलं की मूळ खोड कोणतं तेच कळत नाही. पारंब्या जमिनीला टेकल्यात, त्यांचीच खोडं झालीत. जवळच पेमगिरीचा किल्ला. 1633 च्या सुमारास शहाजीराजांनी छोट्या मूर्तजा निजामशहाला इथेच गादीवर बसवून कारभार हाती घेतला होता. वर पेमाई देवीचं देऊळ आहे.

ठरलं! भिशीच्या दिवशी मी विषय काढला. "सहलीला जाऊ. फक्त आपण बायका. वड बघायचा, जमलं तर किल्ला चढायचा."

आधी सगळ्या हसल्या. मग एकेक अडचण निघाली. "झाड बघायला एवढ्या लांब?" "माझे गुडघे?" "घरी भाकरी कोण टाकेल?" एकीच्या सासूबाई तर म्हणाल्या, "वटपौर्णिमेलाच जा की, पुण्य तरी पदरात पडेल." सगळ्यांना ते पटलं. मीही हो म्हणणार होते.

तेवढ्यात लक्ष गेलं कोपऱ्यात बसलेल्या आमच्या ताईकडे. चार वर्षांपूर्वी तिचे मालक गेले. भिशीला ती येते, हिशेबाची वही तीच लिहिते. एक रुपया इकडचा तिकडे होत नाही. पण वटपौर्णिमेला तिचं दार सकाळपासून लोटलेलं असतं. खोटं कशाला बोलू, मी स्वतः पूजेचं ताट घेऊन त्या दारावरून पावलं न वाजवता गेलेय. समाजकार्य करते म्हणवते आणि तिला हाक मारायचं धाडस झालं नाही. 2022 साली कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, तेव्हा मी इथे भाषण ठोकलं होतं. भाषण सोपं असतं हो!

मी म्हटलं, "वटपौर्णिमेला नको. पूजेला नाही जायचं आपल्याला, झाडाला भेटायला जायचंय. सगळ्यांनी."

कुणी काही बोलेना. मग मी वाचलेलं सांगितलं. कोलकात्याजवळ शिबपूरच्या वनस्पती उद्यानात अडीचशे वर्षांहून जुना वड आहे. वादळांनी त्याला जखमा झाल्या, बुरशी लागली आणि 1925 साली त्याचं मूळ खोडच कापून काढावं लागलं. तरी झाड जगलं. आज साडेतीन हजारांहून जास्त पारंब्यांवर ते उभं आहे, अजून पसरतंय.

ताई वहीतून डोकं वर न काढता म्हणाली, "मूळ खोड नाही, तरी?"

"नाही."

तिनं पान उलटलं, वर 'पेमगिरी' लिहिलं आणि खाली पहिलं नाव स्वतःचं घातलं. मग म्हणाली, "बोला, पुढचं नाव कोणाचं?" त्या सासूबाईच म्हणाल्या, "माझं घाल. किल्ला नाही चढणार, वडाखाली बसेन."

आता आमची तयारी बघा. मार्गशीर्षातले गुरुवार नकोत आणि उन्हाळ कांद्याची लागण सुरू झाली की शेतातल्या बायकांना उसंत नाही. म्हणून तुळशीचं लग्न झाल्यावरचा रविवार धरलाय. पावसाळ्यात वाट निसरडी, उन्हाळ्यात जीव जातो. त्या दिवसांत हवाही छान. गाडी ठरवून लासलगाव, निफाड, सिन्नर, संगमनेर असं जायचं. पहाटे पाचला निघायचं. वाटेत शौचालयाची सोय कुठे आहे ते आधीच विचारून ठेवलंय, कारण बायका त्याच धास्तीनं पाणी पीत नाहीत आणि मग चक्कर येते. प्रत्येकीजवळ दोन बाटल्या पाणी, दशम्या, शेंगदाण्याची चटणी. चपला नकोत, बूट हवेत. साडीवर बूट कसे दिसतील, ही चर्चा अर्धा तास रंगली! सरावाला रोज सकाळी रेणुकामातेच्या पायऱ्या. पहिल्या दिवशी चौघी होत्या, आता अकरा आहेत.

नियम तीनच. पारंबी ओढायची नाही, खोडावर नाव कोरायचं नाही, प्लॅस्टिक परत आणायचं.

परत आल्यावर चांदवडमधली जुनी झाडं मोजायची, असंही ठरलंय. राज्यातल्या शहरी भागांसाठीच्या वृक्ष कायद्यात 2021 साली दुरुस्ती झाली. पन्नास वर्षं किंवा त्याहून जुनं झाड आता 'वारसा वृक्ष' ठरतं. वहीत नोंद असेल तर कुऱ्हाड उचलणाऱ्याला विचारता तरी येईल. वही अर्थात ताईच लिहिणार.

मैत्रिणींनो, तुमच्या गावाजवळही असं एखादं झाड असेलच. जाऊन या. आणि जाताना ते लोटलेलं दार आधी वाजवा.