मागचा गडी

सायकलच्या सहलीत सगळ्यांत पुढे कोण होतं, हे पहिल्या चहापर्यंत सगळ्यांना पाठ झालेलं असतं. मागे कोण राहणार, हे मात्र आदल्या रात्रीच ठरवावं लागतं. आमच्या चंद्रपूरच्या मंडळींत त्याला ‘मागचा गडी’ म्हणतात. डिसेंबरातल्या त्या रविवारी चंद्रपूर ते गडचिरोली असा सुमारे ८० किलोमीटरचा बेत होता. सायकली तेवीस, आणि मागचा गडी मी.

काम एका वाक्यात सांगता येतं: कुणालाही ओलांडायचं नाही. करायला मात्र ते अवघड आहे. त्या दिवशी माझ्यापुढे बँकेतून निवृत्त झालेले एक काका होते. ते ताशी बारा-तेराच्या चालीनं चालले, की मीही बारा-तेरा. पाय मोकळे सोडले तर सायकल आपसूक वीस-बावीस धरते. ती अशी दाबून धरायची म्हणजे मनगटं आणि कंबर आधी बोलायला लागतात, पाय नंतर. पाठपिशवीत दोन ट्यूब, टायर उचकटायच्या पट्ट्या, हातपंप, साखळीची जोडकडी, गूळ-शेंगदाणे आणि मीठ-साखरेच्या पाण्याची बाटली. आणि डोक्यात एकच आकडा, तेवीस.

बीआरएम नावाच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेऱ्या करणाऱ्यांना हा प्रकार जरा बाळबोध वाटतो. तिथे २०० किलोमीटर साडेतेरा तासांत पुरे करायचे, आणि ठरलेल्या थांब्यांखेरीज वाटेत बाहेरची मदत घेतली तर बाद. पंक्चर तुझं, भूक तुझी. मला त्या शिस्तीचा आदर आहे. पण नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ साली अमेरिका आडवी पार करणारी ‘रेस अक्रॉस अमेरिका’ एकट्यानं पुरी केली, तेव्हा त्यांच्याही मागे मदतीची गाडी होतीच. आमच्या जिल्ह्याला तर घोळक्यानं सायकल हाकण्याची ओळख जुनी आहे. वरोऱ्याच्या आनंदवनातले बाबा आमटे १९८५च्या डिसेंबरात ‘भारत जोडो’साठी कन्याकुमारीहून काश्मीरकडे निघाले, तेव्हा तरुण पोरं-पोरी सायकलवर होती आणि पाठीच्या दुखण्यानं बसणं अशक्य झालेले बाबा गाडीत आडवे पडून.

आमचा पहिला नियम घड्याळाचा नव्हता, उजेडाचा होता. चांगलं उजाडल्याशिवाय लोहारा गाव ओलांडायचं नाही. थांबलो असताना समोरून एक ट्रॅक्टर आला. ट्रॉलीत शाली गुंडाळलेली, एकमेकांच्या खांद्यावर कलंडलेली माणसं. रात्रभर झाडीपट्टीचं नाटक बघून परतत होती. दिवाळी झाली की या भागात नाटकांचा हंगाम सुरू होतो आणि पडदा पडतो तो पहाटेच. त्यांतल्या एका बाईनं अर्धा डोळा उघडून आमच्या हेल्मेटांकडे पाहिलं आणि मिटून घेतला. आमचं सोंग तिला फारसं रुचलेलं दिसलं नाही.

लोहाऱ्यापुढे जंगल रस्त्याला येऊन भिडतं. हे ताडोबाच्या कोअरमधलं जंगल नव्हे. तिथे सायकल नेऊच देत नाहीत. पण वाघाला कोअर-बफर कुठलं कळतं? कानात गाणी लावायची नाहीत, लघवीला एकट्यानं उतरायचं नाही, दोन सायकलींत हाक ऐकू जाईल एवढंच अंतर. इथल्या बहुतेक हल्ल्यांत माणूस वाकलेला असतो. मोहफुलं वेचताना, तेंदूपानं तोडताना, सरपण गोळा करताना. उभा माणूस वाघाला माणूस दिसतो. बसलेला कसा दिसत असेल, कोण जाणे.

आणि चिचपल्ली मागे पडल्यावर काकांचं मागचं चाक बसलं.

पंक्चर काढणं हे उकिडवं बसून करायचं काम. रस्त्याकडेला, गवताकडे पाठ करून, मान खाली घालून. म्हणून आमच्याकडे एक बसतो आणि दोघं उभे राहतात. एकाचं तोंड या बाजूच्या झाडीकडे, दुसऱ्याचं त्या बाजूच्या. आम्ही होतो दोघंच. मी चाक काढलं आणि ट्यूब बाहेर ओढली. इथेच घाई नडते. नवी ट्यूब टाकण्याआधी टायरच्या आतून बोट फिरवून काटा शोधावा लागतो, नाहीतर दोन किलोमीटरवर तीही बसते. बोट सावकाश फिरवत होतो. ट्रकच्या फुटलेल्या टायरमधली केसाएवढी तार होती. नखानं निघेना.

“तुमी करा जी. मी हावो उभा.”

मागे एक माणूस. जुनी काळी सायकल, हँडलला डबा, कॅरिअरला फावडं. मूल गावाजवळ कामावर निघालेला. तो पलीकडच्या झाडीकडे तोंड करून उभा राहिला आणि मी मान वर करेपर्यंत हलला नाही. काकांनी पाणी देऊ केलं, तर म्हणाला, “पह्यले चाक बसवा.”

पुढे मूलपर्यंत तो आमच्या मागेच होता. म्हणजे मागचा गडी मी राहिलोच नव्हतो. मी दोनदा वाट दिली, त्यानं घेतली नाही. पुढच्या सायकलीच्या आडोशाला वारा कमी लागतो म्हणून चालला असेल, असं मला वाटलं. आमच्या मंडळींत या आडोशावर तासभर बोलणारे लोक आहेत. विचारलं, तर म्हणाला, एरवी केळझरच्या जंगलातून जाताना कुणी सोबतीला मिळेपर्यंत थांबतो. कधी मिळतं, कधी नाही. आज तेवीस मिळाले. मूलच्या अलीकडे वळताना त्यानं पाय टेकले.

“तुमी रोज येत जा ना जी.”

मूलला तर्री-पोहे झाले. पुढे धानाचा मुलूख. कापणी उरकलेली, मळणी चालू, गावाजवळ अर्धा रस्ता धान वाळत घालायला दिलेला, त्यामुळे आमची रांग एकेरी. सावली, व्याहाड, मग वैनगंगेचा पूल. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली वेगळा झाला आणि हे पात्र दोन जिल्ह्यांची हद्द बनलं. पुलावर शाळकरी पोरींच्या एका टोळक्यानं घंट्या वाजवत आम्हाला मागे टाकलं. काका हसले आणि त्यांनी वेग तेरावरून चौदावर नेला. गडचिरोलीत मोजणी केली: तेवीस.

परतताना सायकली टेम्पोत चढवल्या. मूल सुटलं तेव्हा दिवस मावळला होता. केळझरच्या अलीकडे टेम्पोच्या उजेडात एक सायकल दिसली. कॅरिअरला फावडं असावं; नीट दिसलं नाही. आम्ही पुढे निघून गेलो. सवयीनं मागे वळून मी मोजलं. एक.