योग्या : कोहळ्यापासून आभासी यंत्रापर्यंत

शास्त्र अवगत झालेल्या शिष्याकडूनही योग्या करवून घ्यावी, असा सुश्रुताचार्यांचा सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायात आदेश आहे. छेदनासाठी कोहळा, टरबूज, काकडी. भेदनासाठी पाणी-चिखलाने भरलेली चामड्याची पिशवी. वेधनासाठी मृत पशूच्या सिरा व कमलनाल. सीवनासाठी वस्त्र व मृदू चर्म. कर्मागणिक हाताला जाणवणारा विरोध भिन्न, म्हणूनच द्रव्येही भिन्न, असे आम्हांस वाटते.

आजचे आभासी शस्त्रकर्मयंत्र हेच तत्त्व अनुसरते. पडद्यावर उदर दिसते आणि हातातील उपकरणास जोडलेल्या मोटारी ऊतीच्या काठिण्यानुसार उलट रेटा देतात. अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या २००२ सालच्या अभ्यासात असा रेटा नसलेल्या साध्या यंत्रावर सराव केलेल्या निवासी शल्यचिकित्सकांनीही पित्ताशय २९ टक्के अधिक जलद विलग केले, चुकाही घटल्या.

२०२० च्या अधिसूचनेत शल्य व शालाक्य पदव्युत्तर प्रशिक्षणासाठी ५८ शस्त्रकर्मे नमूद झाली. अधिसूचनेने अधिकार मिळतो. हात मात्र सरावानेच घडतो. ही महागडी यंत्रे जळगाव-धुळ्यात सर्वांनाच परवडणार नाहीत, हे आम्ही जाणतो. परंतु तापीकाठचे टरबूज व बाजारातील कोहळा तर आपल्या आवाक्यात आहेत. वैद्यबंधूंनो, आपल्या विद्यार्थ्याचा पहिला छेद रुग्णाच्या देहावर पडू नये, एवढी दक्षता आपण घ्यावी.