दोन संगणक, एक कीबोर्ड

दोन किंवा अधिक संगणकांना एकच कीबोर्ड, मॉनिटर आणि माउस आळीपाळीने जोडून देणाऱ्या डबीला केव्हीएम स्विच म्हणतात. ही डबी मूळची सर्व्हर रूममधली. तिथे रॅकमध्ये रचलेल्या प्रत्येक यंत्राला वेगळा मॉनिटर लावायचा, तर जागाही जाते आणि पैसाही. घरात तिचा प्रवेश झाला तो नोकरदारांच्या लॅपटॉपमुळे. पुणे-नगर रस्त्यावरचे पारनेर तालुक्यातले सुपे हे एमआयडीसीचे गाव. जपानी कंपन्यांसाठी राखलेले क्षेत्रही तिथे आहे. अशा गावातल्या घरात कंपनीचा लॅपटॉप येतो तेव्हा मुलांच्या अभ्यासाचा किंवा दुकानाच्या हिशेबाचा डेस्कटॉप आधीपासून असतोच. टेबल मात्र एकच असते.

डबीचे काम वरवर पाहता फक्त तारा बदलण्याचे. पण १९८७ साली आयबीएमने व्हीजीए आणि पीएस/२ ही सॉकेट आणली, त्या काळातले संगणक सुरू होताना कीबोर्ड शोधत आणि तो सापडला नाही की तक्रार करून थांबत. म्हणून चांगला स्विच प्रत्येक संगणकाला सतत ‘कीबोर्ड जोडलेला आहे’ असे भासवतो. १९९६ नंतर आलेल्या यूएसबीमुळे ही अडचण बरीच सौम्य झाली, कारण यूएसबीची उपकरणे चालू यंत्रातही काढता-लावता येतात.

खरी कटकट मॉनिटरची. मॉनिटर आपले रेझोल्यूशन आणि क्षमता यांची माहिती संगणकाला कळवत असतो. साध्या डबीत दुसऱ्या संगणकाकडे वळताच पहिल्याला मॉनिटर नाहीसा झाल्यासारखा वाटतो. लॅपटॉप असेल, तर बाहेरच्या मॉनिटरवर मांडलेल्या सगळ्या खिडक्या त्याच्या छोट्या पडद्यावर गोळा होतात, आणि परत आल्यावर त्या पुन्हा मांडत बसावे लागते. मॉनिटरची माहिती साठवून ती संगणकाला पुरवत राहणारे स्विच मिळतात. ते महाग असतात, पण दिवसातून दहा वेळा अदलाबदल करणाऱ्याने तिथे काटकसर करू नये. एचडीएमआयची आवृत्तीही पाहावी लागते. १.४ आवृत्तीचा स्विच ४के चित्र सेकंदाला ३० वेळाच देतो आणि माउसचा बाण अडखळल्यासारखा दिसतो; ६० साठी २.० लागते. साध्या फुल एचडी मॉनिटरला मात्र १.४ पुरते.

बदल करायला डबीवर बटण असते. अनेक स्विचमध्ये स्क्रोल लॉक ही एरवी कुणी वापरत नसलेली कळ दोनदा दाबली तरी चालते. पेनड्राइव्ह डबीच्या यूएसबी सॉकेटला लावून फाइल कॉपी होत असताना मात्र ती दाबू नये. पेनड्राइव्ह त्या क्षणी पहिल्या संगणकापासून तुटतो आणि फाइल अर्धवट राहते.

मराठी टंकलेखन करणाऱ्यांना आणखी एक गोष्ट जाणवते. कीबोर्ड फक्त कोणती कळ दाबली एवढेच सांगतो. अक्षर कोणते उमटवायचे हे संगणक ठरवतो. त्यामुळे डेस्कटॉपवर इनस्क्रिप्ट असेल, तर के या कळीने ‘क’ उमटतो. लॅपटॉपकडे वळून कृतिदेव फाँटमध्ये तीच कळ दाबली की काना येतो. बिघाड डबीचा समजून ती परत करायला निघण्याआधी दोन्हीकडचा लेआउट एक करून घ्यावा.

डबीशिवायही भागते. मायक्रोसॉफ्टच्या पॉवरटॉइजमधले माउस विदाउट बॉर्डर्स किंवा मुक्त स्रोतातले इनपुट लीप वापरले, तर कीबोर्ड-माउसचे संदेश घरच्या नेटवर्कवरून दुसऱ्या संगणकाकडे जातात. बाण एका पडद्याच्या कडेवरून दुसऱ्यावर सरकतो. मॅक आणि आयपॅडसाठी ॲपलने २०२२ मध्ये युनिव्हर्सल कंट्रोल आणले. या सोयीत प्रत्येक संगणकाला स्वतःचा मॉनिटर लागतोच. शिवाय टाइप केलेला पासवर्डही नेटवर्कवरून जातो, म्हणून एन्क्रिप्शन चालू असल्याची खात्री करावी. कंपनीच्या लॅपटॉपवर बाहेरचे सॉफ्टवेअर टाकायला बहुधा परवानगी नसते. सुप्यातल्या वर सांगितलेल्या घराचा प्रश्न तिथेच निकालात निघतो: त्याला डबीच हवी.

वीज गेल्यावरचा हिशेबही डबीच्याच बाजूचा आहे. बावीस इंची एलईडी मॉनिटर साधारण २० ते २५ वॅट घेतो. दोनाऐवजी एक चालला की इन्व्हर्टरवर तेवढा भार कमी. मात्र काही स्विचना स्वतंत्र ॲडाप्टर लागतो. तो इन्व्हर्टरच्या प्लगवर नसेल, तर दोन्ही संगणक चालू राहूनही मॉनिटर काळाच राहतो.

खरेदीला जाण्याआधी दोन्ही संगणकांची आणि मॉनिटरची सॉकेट पाहून, मोबाइलवर त्यांचे फोटो काढून दुकानात न्यावेत. जुन्या डेस्कटॉपला फक्त व्हीजीए असेल, तर एचडीएमआय स्विचच्या जोडीला कन्व्हर्टरही घ्यावा लागतो.