डोंगराच्या पोटातील गिलावा

बोरघाटातून आगगाडीने जाताना बोगदा आला की आपण खिडकीबाहेरचा हात आत घेतो. पण डोक्यावरचा डोंगर कशावर तोलला आहे, हे सहसा आपल्या मनात येत नाही. तो प्रश्न खोदणाऱ्या मजुरांचा. सुरुंगाने छतातील खडक खिळखिळा होतो. स्फोट होऊन गेला आहे आणि आधार अजून दिलेला नाही, ती घटका सर्वांत धोक्याची.

पूर्वी तेथे लाकडी टेकू देऊन मग दगडविटांची कमान बांधीत. आता पुष्कळ ठिकाणी खडकावर काँक्रीट फवारतात. ही कल्पना मुळात कोणा बोगदे खोदणाऱ्याची नव्हे. शिकागोच्या संग्रहालयात मृत प्राण्यांच्या हुबेहूब आकृती उभारणारे कार्ल एकली यांनी १९०७ च्या सुमारास हवेच्या दाबाने गिलावा उडविणारे यंत्र बनविले, तेही इमारतीच्या भिंती दुरुस्त करण्यासाठी!

परंतु काँक्रीट दाब मुकाट्याने सोसते. ताण पडला की तडकते. म्हणून छताला लोखंडी जाळी ठोकावी लागे, आणि ती ठोकावयास माणसाला त्याच खिळखिळ्या खडकाखाली उभे राहावे लागे. शिवाय खाचखळग्यांच्या खडकाला जाळी नीट चिकटत नाही. मागे पोकळ्या राहतात.

यावरचा तोडगा आपल्या खेड्यांतील बायकांना नवा वाटणार नाही. भिंत लिंपावयाच्या मातीत त्या गवताचा भुसा कालवतात, तो कशासाठी? येथे भुशाऐवजी पोलादाच्या, सुमारे ३ सेंटीमीटर लांबीच्या, टोके वाकविलेल्या बारीक तारा असतात; घनमीटरभर मिश्रणात साधारण २० ते ४० किलो. अमेरिकेत आयडाहोतील रायरी धरणावर १९७२-७३ च्या सुमारास हा प्रयोग झाला; पुढे नॉर्वेने तो अंगवळणी पाडला. तेथील लेर्डालचा २४.५ किलोमीटरचा रस्त्याचा बोगदा २००० साली खुला झाला. खोदताना वरच्या डोंगराच्या भाराने खडकाच्या चिपा उडत. तेथे खडकात रोवलेले पोलादी गज आणि हे तंतुमय अस्तर कामी आले.

तंतूंमुळे तडा जातच नाही, असे मात्र समजू नये. तडा जातो, पण तंतू त्याचे दोन्ही काठ धरून ठेवतात. ते तुटण्याऐवजी काँक्रीटमधून हळूहळू ओढले जातात आणि त्या ओढाताणीत डोंगराचा जोर खर्ची पडतो. अस्तर खडकाबरोबर थोडे वाकते, कोसळत नाही. आम्हांला खरे महत्त्व याचे वाटते.

फवारणारा आता आधार दिलेल्या छताखाली उभा राहून यंत्राचा लांब हात चालवतो. थोडा माल, थोडे तंतू खडकावरून उडून वाया जातात, ते चालावयाचेच. ताजे अस्तर पुरेसे घट्ट होईपर्यंत मात्र त्याखाली कोणी जावयाचे नाही, हा नियम यंत्र आले तरी सुटलेला नाही.