मध्यरात्रीचं ऊन

21 जून. अर्जुनी मोरगावचा सर्वांत मोठा दिवस, तरी तो साडेतेरा तासांच्या आतच संपतो. त्या दिवशी क्रूझवरून नॉर्वेतल्या ट्रॉम्सोला उतरलात, तर सूर्य मावळतच नाही! पृथ्वीचा आस 23.4 अंश कललेला. जूनमध्ये उत्तर ध्रुव सूर्याकडे झुकतो, आणि 69 अंशांपलीकडचं हे शहर अंधारात शिरतच नाही. रात्री बाराला सूर्य क्षितिजाच्या तीन अंश वर, म्हणजे हात लांब करून धरलेल्या दोन बोटांइतका. पण ऊन तिरपं, म्हणून अंगात स्वेटर हवाच.

आपल्या नवेगावबांधला थंडीत येणारी तलवार बदकं उन्हाळ्यात उत्तरेकडे परततात. सायबेरियात अशाच लांबलचक दिवसांत त्यांची पिल्लं वाढतात. मला तळ्यावरचा तो थवा बघताना हेच आठवतं.